पलीकडचा हात

'फाटकवाल्याच्या घरात राहायला या,' असं त्या जाहिरातीत लिहिलं होतं आणि खाली रेल्वेच्या फाटकवाल्याचा फोटो होता. निळा कोट, पितळी बटणं, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या. बारकीने तो फोटो चष्म्याच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू आवळता आवळता फोनवर पाहिला, आणि स्क्रू हातातून निसटून कुठे गेला तो गेलाच. फोटोतला माणूस तिचा बाप होता. कोट मात्र त्याचा नव्हता. आप्पांनी आयुष्यभर घातलेल्या कोटाला पितळी सोडा, धड चार सारखी बटणं कधी नव्हती.

आप्पा थोरल्या मुलीकडे गेले होते ते आठ दिवसांसाठी. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन व्हायला आले. फोन केला की ताई म्हणायची, झोपलेत. नाहीतर म्हणायची, पाहुण्यांशी बोलताहेत. परवा तर सरळ म्हणाली, की आप्पा आता इथेच राहणार, त्यांचे हिवाळ्याचे कपडे पाठवून दे.

बारकीने कपडे पाठवले नाहीत. तिने दुकानाच्या नावावर त्या घरातली एक खोली दोन रात्रींसाठी राखून ठेवली, कोणाही गिऱ्हाइकाने ठेवावी तशी. बहीण म्हणून गेली असती तर ताईने दहा कारणं सांगून टाळलं असतं. गिऱ्हाइकाला कोण टाळतं?

त्यामुळे झालं असं, की ताई सरबताचा ट्रे घेऊन, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू घेऊन पायरीवर उभी होती आणि रिक्षातून बारकी उतरली. हसू जागच्या जागी विरलं. ट्रे तसाच राहिला.

"मी पाहुण्यांची वाट बघतेय," ताई म्हणाली.

"मग दे सरबत," बारकी म्हणाली, आणि उभ्याउभ्या पेला रिकामा करून ट्रेवर ठेवला.

दाजी मागून आले. त्यांचा मूळ धंदा फर्निचरचा, आणि जिभेवरही कायम पॉलिश. "अहो मेहुणीबाई! कळवलं असतं तर पायघड्या घातल्या असत्या." बारकी म्हणाली, की पायघड्या राहू द्या, मी आप्पांना न्यायला आले आहे. दाजी हसले. ताई हसली नाही.

घर तेच होतं, दोघी बहिणी वाढल्या ते, आणि नव्हतंही. रस्त्यासाठी वरून पूल झाला, फाटक कायमचं बंद पडलं, आणि आप्पा निवृत्त झाल्यावर हे घर ओसाड पडलं. छप्पर बसलं, दारं लोकांनी नेली. रूळ तेवढे चालू राहिले. दाजींनी ते घर रेल्वेकडून लांबच्या कराराने घेतलं आणि लाकूड, चुना, काच घालून असं उभं केलं, की जुन्या घराला ते पाहून लाज वाटावी. बारकीला जी खोली मिळाली ती त्यांची स्वयंपाकाची खोली होती. आई जिथे चूल फुंकायची तिथे आरसा होता. भिंतीवरच्या काजळीचा एक चौकोन मुद्दाम तसाच ठेवून त्यावर काच बसवली होती. खाली पाटी: हात लावू नये. आईची सारी हयात ती काजळी खरवडण्यात गेली होती.

आप्पा बाहेर होते. एका नव्या लग्नाच्या जोडप्याला, शोभेसाठी ठेवलेल्या फाटकाचा दांडा कसा खाली घ्यायचा ते दाखवत होते. बारकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि जेवायला हाक मारली की भिंतीला धरून उठायचे. इथे ते कशालाही न धरता उभे होते. बारकीने हे पाहिलं आणि तिला ते आवडलं नाही. आवडायला हवं होतं, हेही तिला कळत होतं.

"आलीस?" आप्पा म्हणाले. "गाडी वेळेवर होती?"

निघायचं कधी, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, बघू.

इथे तिची बाजू सांगायला हवी. आई गेल्यापासून आप्पा बारकीकडे होते. त्यांची पथ्यं, औषधं, दवाखाने सगळं तिने केलं. त्यांच्या चष्म्याच्या काचा ती स्वतः दुकानात घासून बसवायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. ताई वर्षाकाठी एकदा यायची, फळांची पिशवी टेबलावर ठेवायची आणि घड्याळाकडे बघायची. जमत आलेलं लग्न बारकीने दोनदा आप्पांच्या नावावर मोडलं. खरं बोलायचं तर दुसऱ्या वेळी आप्पांचं नाव नुसतं सोयीचं होतं. आता त्या घरात आप्पा नव्हते, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की तिला स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. तिला आप्पा परत हवे होते. हे प्रेम होतं की दुसरं काही, याचा तिने निवाडा केला नव्हता, आणि करायचा तिचा विचारही नव्हता.

रात्रीच्या जेवणाला पाहुण्यांची वेगळी पंगत आणि घरच्यांची वेगळी. घरच्यांच्या पंगतीत पहिला घास उतरायच्या आत भांडण लागलं. ताईचं म्हणणं, इथली हवा आप्पांना मानवते. बारकीचं म्हणणं, हवा नव्हे, त्यांच्यावर येणारं गिऱ्हाईक मानवतं तुम्हाला. दाजी मध्येच म्हणाले, की पाहुणे त्यांच्यावर बेहद्द खूश असतात, परवा एका बाईने तर त्यांची सही घेतली. यावर बारकीने विचारलं, की तिकीट कधीपासून लावताय.

"तू सांभाळलंस त्यांना, कबूल," ताई म्हणाली. तिने आवाज अजिबात चढवला नव्हता. "पण सांभाळणं वेगळं आणि कुलपात ठेवणं वेगळं."

"आणि तू त्यांना कोट शिवलास. माकडवाला शिवतो तसा."

आप्पा जेवत होते. दोन्ही मुलींकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "मीठ सरकवा इकडे."

सकाळी मात्र त्यांनी बारकीला एकटीला गाठलं. ती मागच्या ओट्यावर चहा घेत बसली होती. ते शेजारी बसले, बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत राहिले आणि म्हणाले, "मला इथे बरं वाटतं, बारके. तिकडे मी तुझ्याकडे असतो. इथे नुसता असतो."

तिने विचारलं, मी काय कमी केलं. काही नाही, ते म्हणाले, तेच तर. मग तिच्या डोक्यावर टपली मारून ते कोट घालायला आत गेले, कारण मालगाडीची वेळ झाली होती आणि पाहुण्यांना फोटो हवे होते.

बारकीच्या अंगाचा तिळपापड झाला. या घरात जिकडे पाहावं तिकडे ताईचा हात फिरलेला. तिला तिथे बसवेना. ती उठली, दाजींनी लावलेलं तारेचं कुंपण ओलांडलं आणि रूळ पार करून पलीकडे गेली, जिथे एके काळी बैलगाड्या आणि ट्रक खोळंबून उभे राहायचे आणि आता नुसती काटेरी झुडपं होती. तिला फक्त त्या घराकडे पाठ करून उभं राहायचं होतं. पण रुळांची घरघर सुरू झाली आणि ती आपोआप वळली.

याला कारण होतं. फाटकवाल्याचं काम फाटक लावून संपत नाही. गाडी जाईपर्यंत त्याने उभं राहून तिच्याकडे पाहायचं असतं. कुठे धूर, कुठे ठिणगी, कुठे काही लोंबतंय का. काही दिसलं तर लाल झेंडी, म्हणजे शेवटच्या डब्यातला गार्ड ती पाहून गाडी थांबवतो. पण एका माणसाला गाडीची एकच बाजू दिसते. म्हणून या घरात एक रीत पडली होती. ती कुठल्या नियमात नव्हती आणि तिचा पगारही नव्हता. आप्पा घराच्या बाजूला, आणि पलीकडे घरातलं आणखी कोणीतरी. आधी आई. मग मुली मोठ्या झाल्यावर मुली. ताई हात हलवणाऱ्या माणसांना बघत बसायची म्हणून तिला लवकरच काढून टाकलं. पलीकडची बाजू बारकीकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. डोळे चाकांवर ठेवायचे, खिडक्यांवर नाही. काही वावगं दिसलं तर एक हात सरळ वर, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तो खाली आणायचा नाही. पलीकडचा हात वर दिसला की आप्पा झेंडी उघडायचे. स्वतः पाहायला जायचे नाहीत, विचार करायचे नाहीत. विचारायचं ते नंतर.

तर मालगाडी आली. लोखंडी सामानाने भरलेले उघडे, बुटके डबे, साखळ्यांनी आवळलेले. बारकीचे डोळे चाकांवर गेले, ती लहानपणी जायची तसेच, तिच्या रागाला न विचारता. आणि मधल्या एका डब्याखाली तिला ठिणग्या दिसल्या. एक साखळी सुटून खाली आली होती आणि खडीवर आपटत, उसळत, खरडत चालली होती.

हात वर गेला. तिने केला नाही, तो गेला.

डब्यांच्या मधल्या फटींतून आप्पा तुकड्यातुकड्याने दिसत होते. एका फटीत त्यांच्या काखेत झेंडी होती. पुढच्या फटीत ती लाल होऊन फडफडत होती. तेवढ्यात साखळी कशाला तरी अडकली, तुटली आणि भिरभिरत पुलाच्या खांबाजवळच्या काटेरी झुडपांत जाऊन पडली. ठिणग्या थांबल्या. शेवटचा डबा गेला. पुढे बऱ्याच अंतरावर ब्रेक लागल्याची लांब किंकाळी ऐकू आली आणि गाडी थांबली.

आता त्या दोघांमध्ये फक्त रूळ होते. आप्पा झेंडी हातात धरून तिच्याकडे बघत होते आणि हसत होते. आई घरात येण्याच्याही आधीचं काहीतरी होतं त्या हसण्यात. त्या क्षणी बारकीला समजलं, की आता हा माणूस इथून हलत नाही, आणि त्याला इथे ठोकून बसवलं ते तिच्याच हाताने.

पुढचं सगळं भरभर झालं. गार्ड तणतणत चालत आला. कोण तुम्ही, झेंडी कोणी दिली, फाटक कुठाय? आप्पा म्हणाले, मधल्या एका डब्याला काहीतरी लोंबतंय, पलीकडून दिसलं. गार्ड आणि ड्रायव्हर दोघांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. काही लोंबत नव्हतं. एखादी साखळी कमी होती म्हणावं, तर तशी ती अर्ध्या डब्यांना कमी होती. मागे एक प्रवासी गाडी खोळंबली. जोडप्यातल्या नवऱ्याने फिल्म घेतली होती, पण तिच्यात होते फक्त आप्पा आणि त्यांच्या शेजारी मान तिरकी करून उभी असलेली त्याची बायको. बारकी तोवर रूळ ओलांडून परत आली होती आणि ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती काही बोलली नाही.

दुपारी रेल्वेचा निरीक्षक आला. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. ओरडणाऱ्या माणसाला दाजींनी गोड बोलून गुंडाळलं असतं, याच्यापुढे त्यांचं पॉलिश चालेना. त्याने करारातलं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, की या हद्दीत कोणीही गाडीला कसलीही खूण करणार नाही. मग तो खुर्चीत बसला, चहा नको म्हणाला आणि आप्पांना विचारलं, नक्की काय पाहिलंत.

"मी काही नाही पाहिलं," आप्पा म्हणाले. "माझ्या मुलीने हात वर केला. पलीकडचा हात वर झाला की अलीकडच्याने शंका काढायची नसते. तुमच्या नियमात नसेल, साहेब. आमच्यात आहे."

निरीक्षकाने टोपी गुडघ्यावर ठेवली. तो म्हणाला, की खरोखर काही लोंबत असेल आणि कोणी तसं सांगणारं असेल, तर गोष्ट वेगळी. मग यांनी गाडी वाचवली असं मी वर कळवेन, इथे राहायला कोणाची हरकत राहणार नाही, उलट शाबासकीच मिळेल. पण कोणी काही पाहिलंच नसेल, तर विनाकारण गाडी थांबवणारा माणूस रुळाच्या इतक्या जवळ मी राहू देऊ शकत नाही. ते आजच गेले तर करार वाचेल. मग तो वळला.

"बाई, तुम्ही हात वर केला होतात?"

ताई दारात उभी होती. बारकीने पाहिलं, तर ताईच्या चेहऱ्यावर भांडण नव्हतं. लहानपणी चोरून काही खाल्लं आणि आई विचारायला लागली, की ती अशी बघायची: सांग ना गं, तू सांग, तुझं ऐकतील.

साखळी कुठे आहे हे बारकीला माहीत होतं. पुलाचा खांब, त्याजवळची झुडपं. कोणीही जाऊन हाताने उचलून आणली असती.

"केस सावरत होते," बारकी म्हणाली. "वारा होता."

"तिने हात सरळ वर केला होता," आप्पा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, तिला आठवण करून द्यावी तसं.

"केस बांधायला दोन हात लागतात," ताई म्हणाली.

"सावरायला एक पुरतो."

निरीक्षकाने दोघींकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, यांना नीट दिसतं का. बारकी म्हणाली, की मी चष्म्याच्या दुकानात काम करते, यांच्या काचा मीच बसवते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजव्यातही सुरुवात आहे, उन्हात लांबचं फसवं दिसतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. दुकानात रोज बोलते त्या आवाजात तिने ते सांगितलं, आणि म्हणूनच कोणी पुढे काही विचारलं नाही.

दाजींनी लगेच सूर पकडला. वय झालंय साहेब, मी तर पहिल्यापासून सांगत होतो, आम्ही आजच पाठवतो त्यांना. पहिल्यापासून ते झेंड्यांना इस्त्री करून देत होते. निरीक्षक उठला. जाताना त्याने आप्पांना नमस्कार केला. आप्पांनी केला नाही. ते स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होते. मग त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली आणि कोट खुंटीला अडकवला. जोडप्यातल्या बायकोने निघायच्या आधी एक फोटो मागितला. ताईने तिला आत जायला सांगितलं, आणि ते पाहुण्यांशी बोलायच्या आवाजात नव्हतं.

पिशवी बारकीने भरली. दोघी बहिणी दारात समोरासमोर आल्या. आता ताई शिव्या घालेल म्हणून बारकी तयारीत होती, उत्तरंही तयार होती. ताईने फक्त पिशवीचा बंद नीट आवळला.

"एकदा नंबर तपासून घे," ताई म्हणाली. "त्यांचा नाही. तुझा."

गाडीत आप्पा खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते. बारकीने बरंच काही बोलून पाहिलं. गॅलरीला जाळी लावून घेऊ. त्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून टाकू, दुकानातल्या डॉक्टरांची ओळख आहे. आप्पा हो म्हणत होते. सगळ्याला हो म्हणत होते. भांडणाची सवय लागलेल्या माणसाला असा सरसकट होकार जड जातो. तिला वाटलं, त्यांनी एकदा तरी नाही म्हणावं.

स्टेशनवरून बसने ते घराजवळच्या थांब्यावर उतरले. इमारत समोरच, मध्ये फक्त रस्ता. कामावरून सुटलेल्या लोकांची गर्दी, दुचाकी, बस. आप्पा कडेला येऊन थांबले. हा रस्ता ते दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्तमानपत्र आणायला रोज ओलांडायचे, आणि बारकीने सोबत यायचं म्हटलं तर रागवायचे. जन्मभर मी लोकांना ओलांडू दिलं, मला काय शिकवतेस, म्हणायचे.

"बारके," ते म्हणाले. "तुझा हात वर नव्हता ना?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं विचारलं होतं त्यांनी. आणि बारकीला कळलं, की दुपारपासून हा माणूस तिच्यावर रागावलेला नाही. तो स्वतःचे डोळे तपासत बसलाय. तिने एक शब्द बोलायचा अवकाश होता, डोळे त्यांचे त्यांना परत मिळाले असते. मग त्यांनी पिशवी उचलली असती आणि उलट्या दिशेची बस धरली असती, त्या झुडपांतली साखळी शोधायला.

एक बस गेली. मागून दुसरी आली.

"नाही, आप्पा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं.

"मग मला धर," ते म्हणाले. "आजपासून ओलांडताना मला धरत जा."

त्यांनी हात पुढे केला. तो थंड होता आणि तिला वाटला होता त्याहून हलका. बारकीने तो घट्ट धरला, वाहनं थांबायची वाट पाहिली आणि त्यांना पलीकडे नेलं.